मरीआई सोडली, आंबील का सोडावी?



आमचा एक भाचा पुण्यातील एका मोठ्या हॉटेलात वाढप्याचे काम करतो. मागच्या महिन्यात दोन दिवसांच्या सुटीवर सोलापूरला आला होता. जेवताना म्हणाला, "आत्या, आमच्याकडे उन्हाळ्यात लोक थंड सूप मागवतात. काकडी, टोमॅटो, लसूण वाटून बर्फात ठेवतात आणि काचेच्या वाडग्यातून देतात. एका वाडग्याच्या पैशात आपल्या घरची दोन दिवसांची भाजी येईल." आम्ही विचारले, "नाव काय रे त्याचे?" तो म्हणाला, "गझपाचो."

आम्ही चौकशी केली. गझपाचो हे स्पेन देशातल्या आंदालुसिया या उष्ण प्रांतातले खाणे. आणि गंमत अशी की, ते मूळचे श्रीमंताघरचे नव्हेच. उन्हात राबणारे शेतमजूर शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचे तेल व शिरका लाकडी वाडग्यात कुटायचे, त्यात पाणी घालायचे आणि तेच दुपारचे जेवण. टोमॅटो अमेरिका खंडातून युरोपात आला तो नंतर. त्याने रंग दिला आणि मजुराचे जेवण हॉटेलात जाऊन बसले.

हे ऐकले आणि घरातल्या आजी हसल्या. म्हणाल्या, "म्हंजी त्यांची आंबीलच की गं!"

आजचे हे सदर त्या आंबिलीसाठी आहे. विषय साधा दिसतो. पण तो गेल्या वर्षीच्या जयंतीपासून आमच्या मनात घर करून बसला आहे.

गेल्या वर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीची सकाळची मिरवणूक रेंगाळत रेंगाळत दुपारी दीडपर्यंत चालली. सोलापूरचे ऊन आम्ही नव्याने सांगायला नको. चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबरी रस्त्यावर चप्पल चिकटते. लेझीम पथकातला एक सोळा वर्षांचा मुलगा चौकात एकाएकी खाली बसला आणि आडवा झाला. अंग तापलेले, ओठ कोरडे, बोलणे असंबद्ध. मुलांनी त्याला सावलीत ओढले, डोक्यावर पाणी ओतले, रिक्षात घालून दवाखान्यात नेले. सलाईन लागले, संध्याकाळी पोरगा घरी आला. थोडक्यात निभावले.

सर्वांचेच असे निभावत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर उन्हातल्या सोहळ्यात लाखोंची गर्दी बसली होती. त्या उन्हाने १४ जणांचे प्राण घेतले. तीही आपल्यासारखीच साधी, श्रद्धेने आलेली माणसे होती.

आमच्या त्या मुलाने सकाळपासून काय खाल्ले होते? एक वडापाव आणि बाटलीतले गोड थंड पेय. पाणी? "मिरवणुकीत कुठं प्यायचं?" त्याच्या आजीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "आम्ही जोंधळ्याच्या रानात दिसभर खुरपायचो. पर घरनं निघताना पोटात तांब्याभर आंबील असायची. ऊन लागलं असं कधी झालं न्हाई." आजीच्या आठवणीतून काही उन्हे सुटलीही असतील, पण तिच्या बोलण्यात शास्त्र आहे, ते पाहू.

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. बाहेर ४२ अंश असले की हवेकडून आपल्याला गारवा मिळत नाही, उलट उष्णताच मिळते. मग अंग थंड ठेवायला एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पण तो पाण्याबरोबर मीठही नेतो. भर उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. हे पाणी व मीठ परत भरले नाही तर घाम आटतो, अंग तापत जाते आणि ४० अंशांच्या वर गेले की मेंदू बिघडू लागतो. त्यालाच उष्माघात म्हणतात.

आता नुसते पाणी प्यायले तर मीठ भरून येत नाही. आणि मिठाला आतड्यातून रक्तात जायला साखरेची सोबत लागते. साखरेचा कण मिठाला बोट धरून आत नेतो व त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाबावरचे मीठ-साखर-पाणी याच तत्त्वावर चालते. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने पटापट मरत होते आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साधे पाणी पिंपातून लोकांना पाजले व असंख्य जीव वाचवले. पुढे असेही दिसून आले की साखरेच्या जागी तांदळासारख्या धान्याची पातळ पेज वापरली तरी काम होते, कारण पेजेतल्या पिठाची पोटात साखरच होते.

भगिनींनो, आता आंबिलीकडे पाहा. पाणी आहे, मीठ आहे, ज्वारीचे पीठ आहे, वर ताक आहे. आपल्या आज्यांनी पुस्तक वाचले नव्हते. पण त्यांच्या तांब्यात हे सारे होते.

मग आपण ती सोडली का? खरी कथा इथेच आहे.

यंदा फेब्रुवारीत जयंतीच्या तयारीची बैठक विहारात झाली. महिला मंडळाने सूचना मांडली की, यंदा मिरवणुकीत रंगीत सरबत नको, आपण आंबील करू. सर्वांनी माना डोलावल्या. पण एक वयोवृद्ध उपासक उठले. वय ऐंशीच्या पुढे, गिरणीत आयुष्य काढलेले, आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "आंबील? मरीआईची आंबील बाबासाहेबांच्या जयंतीत वाटणार तुम्ही?"

सभा गप्प झाली. तरुण मुलींना कळेना, दादा एवढे का चिडले. पण जुन्या माणसांना ठाऊक होते. आषाढ आला, गावात पटकीची भीती पसरली की आपल्या आयांच्या डोक्यावर आंबिलीची घागर चढायची. मरीआईला आंबील, यल्लम्माला आंबील-घुगऱ्या. गावची रोगराई निवारायची जबाबदारी आपली, आणि रोगराई आली तर दोषही आपलाच. पोतराजाच्या पाठीवर आसूड, आपल्या दारात उपास. १९५६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा दादा लहान होते. त्यांच्या वडिलांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. आईने त्याच दिवशी आंबिलीची घागर पालथी घातली. "त्या घागरीला आमच्या घरात पुन्हा हात लागला नाही," दादा म्हणाले.

आम्ही हे हसण्यावारी नेणार नाही. ज्यांनी ते ओझे डोक्यावरून उतरवले, त्यांना ते पुन्हा चढताना दिसले तर राग येणारच.

तेव्हा त्या पोराची आजी उठली. सभेत बोलायची तिची ती पहिलीच वेळ. पदर सावरून म्हणाली, "दादा, मरीआई सोडली ते बेस झालं. पर आपण जोंधळा सोडला का? भाकर तिलाबी वाहत होतो की. भाकर टाकली न्हाई, मग आंबिलीनंच काय पाप केलं?"

दादा काही वेळ बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, मला ताकाचं आठवतं."

आणि मग त्यांनी जे सांगितले ते मरीआईपेक्षाही आत रुतलेले होते. घरात दुभते जनावर नाही. आंबिलीला ताक पाहिजे. म्हणून आईबरोबर ते वाड्याच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. आई भांडे जमिनीवर ठेवून मागे सरायची. आतली बाई वरून धार सोडायची. अर्धे भांड्यात, अर्धे मातीत. मराठीत म्हण आहे, ताकाला जाऊन भांडे लपवू नये. आपल्या आयांना भांडे लपवायची सोयच नव्हती. ते दूर ठेवावे लागे. "ताक म्हटलं की मला ती मातीत गेलेली धार दिसते," दादा म्हणाले. विहारात कोणी हुंदकाही दिला नाही, एवढी शांतता झाली.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले ते कशासाठी? तहान का केवळ पाण्याची होती? पिण्याच्या वस्तूबरोबर माणसाचा मान बांधलेला असतो, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

तरीही आम्हाला वाटते, आपण अपमान टाकावा; अन्न टाकू नये. त्या बैठकीत एका तरुण सुनेने उत्तर काढले. ती म्हणाली, "दादा, आता कोणाच्या दारात जायचं नाही. आपण आपल्या पैशानं दूध आणू, आपल्या घरात विरजू, आपल्या रवीनं घुसळू आणि आपल्या हातानं सगळ्या रस्त्याला पाजू. जो येईल त्याच्या हातात पेला द्यायचा. वरून कोणाला ओतायचं नाही." ठराव पास झाला. दादांनी हात वर केला नाही; पण विरोधही केला नाही.

आमच्या विहारात येणाऱ्या भन्तेजींना आम्ही नंतर हा सारा वाद सांगितला. ते म्हणाले, अन्नाला धर्म चिकटवू नका, आणि चिकटवायचाच असेल तर विनयपिटक उघडा. महावग्गातल्या भेसज्जक्खन्धकात यागूची गोष्ट आहे. यागू म्हणजे धान्याची पातळ पेज. अंधकविंद येथे एका ब्राह्मणाने पाहिले की, भिक्खुसंघाच्या भांडारात सर्व काही आहे, फक्त यागू आणि मधाचा लाडू नाही. त्याने ते दोन्ही करून आणले. तेव्हा भगवान बुद्धांनी यागूचे दहा गुण सांगितले. ती देणारा आयुष्य, वर्ण, सुख, बळ आणि प्रतिभा देतो. ती भूक भागवते, तहान शमवते, वाताचा मार्ग सरळ करते, बस्ती साफ करते आणि पोटातले न पचलेले पचवते. भिक्खूंना यागू घेण्याची अनुज्ञा तेव्हा मिळाली. त्याच भागात दूध, दही, ताक, लोणी, तूप या पाच गोरसांचीही अनुज्ञा आहे. पालीत ताकाला 'तक्क' म्हणतात. ती यागू तांदळाची असेल, आपली ज्वारीची. पण नाते जवळचे आहे. मरीआईच्या घागरीत शिरण्यापूर्वी पेज भिक्खूच्या पात्रात होती, हे आम्हाला तरी नव्याने कळले.

आणि हे केवळ आपल्याकडेच नाही. तामिळनाडूत उन्हाळ्यात हातगाडीवर नाचणी-बाजरीचे गार 'कूळ' विकतात, सोबत कच्चा कांदा व मिरची. कर्नाटक-तेलंगणात त्याला अंबली म्हणतात. ओडिशात भात पाण्यात भिजवून 'पखाल' खातात. छत्तीसगडात तोच 'बोरे बासी'; २०२२ साली तिथल्या सरकारने १ मेला कामगार दिनी सर्वांना बोरे बासी खाण्याचे आवाहन केले होते. जिथे जिथे ऊन आहे आणि उन्हात राबणारा माणूस आहे, तिथे तिथे त्याने धान्य आंबवून गार जेवण केले आहे. गरिबाचे अन्न म्हणून ज्याची लाज वाटते, त्याच भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष जाहीर केले होते.

आता कृती. चार माणसांचे दुपारचे जेवण होईल एवढी.

रात्री एक वाटी ज्वारीचे पीठ अर्धी वाटी आंबट ताक व एक वाटी पाण्यात गुठळी न राहता कालवून झाकून ठेवा. सकाळी स्वयंपाकाबरोबर चार वाट्या पाणी उकळत ठेवा. त्यात पाच-सहा लसूणपाकळ्या व चमचाभर जिरे ठेचून घाला, चवीला मीठ घाला. उकळी फुटली की भिजवलेले पीठ बारीक धारेने सोडा आणि सारखे ढवळत राहा. मंद आचेवर दहा मिनिटे शिजू द्या. कच्च्या पिठाचा वास गेला, वर चकाकी आली की झाली. निवल्यावर मडक्यात ओता, मडक्याला ओले फडके गुंडाळा. दुपारी खाताना तीन-चार वाट्या पातळ ताक, कोथिंबीर आणि बारीक कांदा घाला. सोबत भाजलेली मिरची किंवा लसणाची चटणी.

ताक नसेल तर पीठ नुसत्या पाण्यातच कालवून रात्रभर ठेवा. उन्हाळ्यात ते आपोआप आंबते. वर आमसुलाचे पाणी किंवा उकडलेल्या कैरीचा गर चालतो. नाचणीची केली तर उत्तमच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाळंतिणीला, वाढत्या मुलींना, म्हाताऱ्यांच्या हाडांना ते हवेच. नाचणीला मोड आणून दळली किंवा पीठ आंबवले, तर त्यातले लोहही अंगी अधिक लागते.

चार गोष्टी सांभाळा. एक, कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबील-ताक ठेवू नका, कळकते. दोन, सकाळची आंबील संध्याकाळपर्यंत संपवा; दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. तीन, रस्त्यावरचा बर्फ घालू नका. तो कोणत्या पाण्याचा ते आपल्याला ठाऊक नसते. चार, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आंबिलीचा आणखी एक फायदा पुरुष मंडळींच्या ध्यानात येत नाही. पत्र्याच्या घरात मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता शेगडीपुढे उभे राहणे काय असते, ते आमच्या भगिनींना विचारा. आंबील सकाळी सातलाच होऊन जाते. दुपारी चूल पेटत नाही. घरातल्या बाईला उन्हाळ्यात यासारखी दुसरी भेट नाही. बांधकामावर, झाडलोटीला, भाजीच्या पाटीवर जाणाऱ्या बहिणीने ती घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावी. डबा उघडताना लाजू नये. हॉटेलात हेच थंड सूप म्हणून विकले जाते, हे शेजारणीला खुशाल सांगावे.

आणि एवढे करूनही कोणाला ऊन लागलेच तर? सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मान, काखा व जांघेत ओली गार फडकी ठेवा. शुद्धीवर असेल तरच घोट घोट प्यायला द्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करून ठेवा. माणूस बरळत असेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. वाट न पाहता दवाखाना गाठा.

यंदाच्या जयंतीला चौकात दोन मोठी पातेली होती. पाच किलो पीठ, दहा लिटर दुधाचे ताक, तीनशेच्या आसपास पेले. लेझीम पथकाला दर थांब्यावर सक्तीने पाजली. पोरांनी आधी नाके मुरडली, मग रांग लावली. बंदोबस्तावरच्या पोलिसांनी घेतली, रिक्षावाल्यांनी घेतली. मिरवणूकही यंदा अकराच्या आत विहारात परतली, हेही सांगितले पाहिजे. कारण उन्हावरचा पहिला उपाय ऊन टाळणे हाच. यंदा कोणी आडवे झाले नाही.

दादा विहाराच्या पायरीवर निळी टोपी घालून बसले होते. त्यांच्याजवळ जायला कोणी धजेना. शेवटी गेल्या वर्षी पडलेला तोच मुलगा पेला घेऊन गेला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. दादांनी पेल्याकडे बराच वेळ पाहिले. मग हळूहळू सगळी प्यायले. पेला परत देताना म्हणाले, "मीठ कमी आहे. जा, आजीला सांग. आणि अजून एक आण."

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर उन्हात सांभाळून राहा, डोक्याला रुमाल बांधा.

जयभीम. नमो बुद्धाय.